खाणीच्या कचऱ्याला समुद्र हा उपाय नव्हे

हिंगोलीला समुद्र नाही, पण समुद्राची वाट आहे. कयाधू नदीचे पाणी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. या वाटेवर वणी-घुग्घुस पट्ट्यात दगडी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. तिथे उपसलेल्या माती-दगडांचे ढिगारे पावसाळ्यात धुपतात आणि गाळ ओढ्या-नाल्यांनी नदीत उतरतो. गोव्यात तर लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवरची तांबडी माती शेतांत पसरली, मांडवी-झुआरीच्या खाड्यांत साचली. त्यामुळे खाणीचा कचरा समुद्रात सोडण्याचा प्रश्न फक्त किनारपट्टीचा नाही.

चिलीतल्या चान्याराल या किनाऱ्यावरच्या गावाचे उदाहरण बोलके आहे. तांब्याच्या खाणींचा दळलेला चोथा 1938 ते 1975 या काळात नदीपात्रातून थेट तिथल्या उपसागरात सोडला गेला. तो 20 कोटी टनांहून अधिक होता. उपसागर बुजत गेला, किनारा समुद्रात पुढे सरकला आणि वाळूत तांबे, आर्सेनिक उरले. त्याच वाळूची धूळ आता वाऱ्याने गावात येते.

कचरा समुद्रात सोडण्याचे समर्थक म्हणतात, जमिनीवर तरी तो कुठे सुरक्षित आहे? ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचा खाणीचा चोथा अडवणारा बांध 2019 मध्ये फुटला आणि 270 माणसे गेली. उलट खोल पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे गंधकयुक्त खनिजांपासून आम्लही कमी तयार होते. यातला रसायनशास्त्राचा भाग खरा आहे. पण आम्ल कमी झाले म्हणून गाळ निरुपद्रवी होत नाही. तो तळावर थराथराने बसतो आणि तिथले किडे, शिंपले, माशांची अंडी गाडून टाकतो. शिवाय जमिनीवरचा ढिगारा दिसतो, मोजता येतो, हलवता येतो. तळाशी गेलेला गाळ परत आणता येत नाही आणि नुकसानभरपाई मागायची तर पुरावाही पाण्याखाली.

बांध फुटतात, यावर उत्तर बांध भक्कम करणे, चोथ्यातले पाणी काढून तो कोरडा रचणे आणि शक्य तिथे रिकाम्या खाणीतच भरणे हे आहे. ते महाग पडते, हे मान्य. पण तो खर्च खाणमालकाने टाळला की मच्छीमार आणि शेतकऱ्याच्या माथी येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोव्यात खाणीच्या भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर कचरा टाकायला मनाई केली. हाच नियम पैनगंगेच्या खोऱ्यातही कसोशीने लागू व्हावा आणि ढिगारा कुठे व कधी भरणार, हे ठरल्याशिवाय नव्या खाणीला परवानगी मिळू नये.