भाड्याची खोली आणि घरमालकाची झोप

नंदुरबारच्या नव्या वसाहतींतून संध्याकाळी चक्कर मारली, तर घराघरांच्या गच्चीवर लोखंडी सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. खाली मालक राहतो. वर दोन-तीन खोल्या काढायच्या आणि भाड्याने द्यायच्या, हा त्याचा बेत. हा मालक बहुधा निवृत्त शिक्षक, तलाठी किंवा एस.टी.तला कर्मचारी. फंडाचे पैसे हाती आलेले, शेअर बाजाराची भीती, म्हणून सारी भिस्त विटा-सिमेंटवर.

बेत वेडगळ नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागोमाग बदलीचा नोकरवर्ग आला. २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची मुले शिकण्यासाठी नंदुरबार, शहादा, तळोद्याला येतात. खोल्यांना मागणी आहे यात शंका नाही.

तरीही पाटी लावण्यापूर्वी प्रत्येक नवा घरमालक एकच प्रश्न विचारतो: भाडेकरू नंतर निघेल ना?

या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. बापाने दिलेली खोली नातवालाही परत मिळत नाही, ही म्हण नव्हे, अनेक घरांतला अनुभव होता. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि चित्र पालटले. (तो अनुसूचीत नमूद केलेल्या शहरांना व गावांनाच लागू आहे; आपले गाव त्यात आहे का, हे आधी पाहून घ्यावे.) निवासासाठी परवान्यावर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. दुकानाच्या गाळ्याला मात्र ही जवळची वाट नाही, हे गाळे बांधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग अडते कुठे? कागदापाशी. अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर टाईप केला, नोटरीचा शिक्का मारला की काम झाले, अशी गावोगाव समजूत आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या सर्वसाधारण नियमातून ती आली. पण १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ महिने मोजत नाही. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीची फी नगरपालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. एवढे वाचवण्यासाठी ‘मुलगा ओळखीचा आहे’ म्हणणारे पुढे भांडण झाले की नळ नाहीतर वीज तोडायला धावतात. तेही या कायद्याने गुन्हाच आहे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक कागद पाहावा लागतो, आणि तो जास्त महत्त्वाचा. २०११ च्या जनगणनेनुसार येथे शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. त्यासाठी शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवीच. हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. हातची जमीन कशी गेली याचा जाब शहाद्याच्या आदिवासींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराजांबरोबर रस्त्यावर उतरून विचारला होता. स्वस्तातला प्लॉट दाखवणारा दलाल ‘शंभर घरे आहेत, तुमचे एकट्याचे काय होणार’ म्हणतो. शेजारची शंभर घरे म्हणजे परवानगी नव्हे. सातबाऱ्यावरचे जुने फेरफार आणि बिगरशेतीचा आदेश पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये.

आता हिशेब. समजा, वरचा मजला पंधरा लाखांत झाला आणि भाडे सहा हजार ठरले. वर्षाचे बहात्तर हजार. त्यातून एखादा रिकामा महिना, घरपट्टी, रंग, गळती आणि पाण्याची मोटार वजा जाता पंचावन्न हजार उरले, तर परतावा शेकडा पावणेचारच्या आत आला. बँकेची मुदत ठेव याहून अधिक देते, आणि तिची मोटार जळत नाही. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट तीस टक्के सूट मिळते, हा थोडा दिलासा. पण कर्ज काढून बांधणाऱ्याचा हप्ता भाड्यातून सुटेल, ही आशा न केलेली बरी. जागेची किंमत वाढेल हे खरे; ती विकल्याशिवाय हाती येत नाही, हेही खरे.

भाडे वाढवा, असे सांगणारे भेटतात. पण देणार कोण? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६ मध्ये स्वयम् योजना आणली, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार रुपये ठरवले. त्यातले निवासाचे १२ हजार. म्हणजे महिन्याला एक हजार. अनुदान उशिरा आले की भाडेही उशिरा. अशा मुलाला ‘खोली गेली’ सांगून पाटी तशीच ठेवणारे मालकही आहेत. बदलीवरचा साहेब येईल म्हणून ते वाट पाहतात. साहेब दोन-तीन वर्षांत जातो. पाड्यावरच्या एका मुलामागून त्याचा धाकटा भाऊ येतो, मग चुलतभाऊ. तिघांनी मिळून घेतलेल्या खोलीचे तीन हजार कमीच. पण मजल्याचा नकाशा काढण्यापूर्वी हा आकडा गवंड्याला सांगितला, तर एका मोठ्या ब्लॉकऐवजी तीन साध्या खोल्या निघतात, आणि एक रिकामी झाली तरी दोघींचे भाडे चालू राहते.