वळणावरची टकटक

टक-टक-टक-टक!

सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, की माझी गाडी असं काहीतरी बोलायची. सरळ रस्त्यावर एकदम गुणी बाळ. वळण आलं, की टकटक सुरू. यावर मी केलेला पहिला उपाय तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. एफएमचा आवाज वाढवला!

दोन महिने हा उपाय मस्त चालला. मग ठरली ताम्हिणीची ट्रिप. चार मैत्रिणी, पावसाळी शनिवार आणि ड्रायव्हर अस्मादिक. आदल्या आठवड्यात त्यातली एक शेजारी बसली होती. यू-टर्नला तिने एफएम बंद केला आणि म्हणाली, ''हा आवाज कसला गं? घाटात तर नुसती वळणंच आहेत.''

पोटात गोळा आला. माझा आळस माझ्यापुरता ठीक, पण चौघींना गाडीत बसवून?

दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठलं. चकाचक लाउंज, फुकट कॉफी आणि टाय लावलेला अ‍ॅडव्हायझर. ''मॅडम, गाडी सर चालवतात का?'' हा त्याचा पहिला प्रश्न. गाडी मॅडम चालवतात आणि ईएमआयही मॅडमच भरतात! एक राउंडही न मारता त्याने एस्टिमेट पुढे सरकवलं. दोन्ही बाजूंचे अख्खे एक्सल, स्टिअरिंग रॅक, वर अलाइनमेंट. एकूण ३२,००० रुपये. ''सेफ्टीचा प्रश्न आहे, मॅडम.''

हे वाक्य ऐकलं, की आपण मुकाट सही करतो. मीही पेन उचललं होतं. सहज विचारलं, ''पण नक्की काय खराब झालंय?'' तो म्हणाला, ''सगळंच.'' मी पेन खाली ठेवलं.

बाबांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर पद्मिनी चालवली, अर्धा वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून. पण ''वळताना टकटक? आमच्या गाडीला असलं काही नव्हतं बुवा,'' म्हणून तेही गप्प. शेवटी एका मैत्रिणीने नाना पेठेतल्या तिच्या मिस्त्रींकडे पाठवलं.

''ताई, तुम्हीच चालवा, मी नुसतं ऐकतो,'' म्हणत ते शेजारी बसले. एका मोकळ्या मैदानात स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल चक्कर. टकटक! थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर आवाजही भरभर. मग उजवीकडून गोल. शांतता. नंतर उभ्या गाडीत स्टिअरिंग इकडून तिकडे. काही नाही, म्हणजे वरचं शॉकअपचं माउंटिंग बहुधा ठीक. शेवटी स्पीडब्रेकरवरून हळूच. खडखड नाही, म्हणजे खालच्या जोडण्यांवरही संशय नको.

मग त्यांनी जॅक लावला तो उजव्या चाकाला! ''आवाज तर डावीकडे वळताना येतो ना?'' मी विचारलं. ''वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो, ताई. बहुतेक वेळा तिकडचाच जॉइंट बोलतो. पण बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही.'' टॉर्च मारली. चाकामागचा रबरी बूट फाटलेला आणि रिमच्या आतून काळ्या ग्रीसचे शिंतोडे.

आता बाबा का गप्प झाले, तेही कळलं. पद्मिनीत इंजिनचा जोर मागच्या चाकांना जायचा, पुढची नुसती वळायची. आपल्याकडे १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकंच वळूही लागली आणि गाडी ओढूही लागली. ही दोन्ही कामं एकदम जमवतो तो एक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट. ब्रिटनच्या १९५९ च्या छोट्याशा मिनीतही ही युक्ती होती. आत सहा पोलादी गोळ्या, त्यांच्यासाठी खाचा आणि भरपूर ग्रीस. वरचा रबरी बूट फाटला, की ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत जातं आणि खाचा झिजतात. मग वळणावर गोळ्या त्या झिजलेल्या जागेवरून जाताना म्हणतात, टक!

''आणि असंच चालवलं तर?'' मिस्त्री हसले नाहीत. ''एक दिवस तुटतो. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी हलत नाही.'' मला ताम्हिणीचं एखादं चढाचं वळण आठवलं. पाऊस, धुकं आणि मागून येणारा ट्रक.

एक्सल बाहेर आला, जुना जॉइंट निघाला, नवा बसला. सोबत नवं ग्रीस, नवा बूट, नवे क्लॅम्प आणि नवा हब नट. डाव्या बाजूचा बूटही पाहिला, तो धडधाकट होता. रॅकला हात लावायची गरजच नव्हती. दोन तासांचं काम, बिल ३,४०० रुपये. निघताना त्यांनी जुना जॉइंट माझ्या हातात ठेवला. हलवून पाहिला तर चक्क खुळखुळत होता. ''बूट फाटल्या फाटल्या आला असतात, तर हजाराच्या आत भागलं असतं.'' म्हणजे उरलेले पैसे मी एफएमचा आवाज वाढवण्यासाठी मोजले!

तेव्हा मंडळी, या रविवारी गाडी धुताना पाच मिनिटं जास्त द्या. स्टिअरिंग पूर्ण वळवा, गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकामागे टॉर्च मारून बूट बघा. भेग किंवा ग्रीस दिसलं, तर त्याच आठवड्यात गॅरेज. आणि कोणी एस्टिमेट पुढे केलं, तर आधी विचारा : कुठला पार्ट गेला आणि तो कसा ओळखला? दाखवता आला नाही, तर सही नाही. जुना पार्टही मागून घ्या.

आमची ट्रिप एका शनिवारने पुढे गेली. ताम्हिणीच्या पहिल्याच मोठ्या वळणावर पाचही जणी कान देऊन बसलो. एफएम बंद होता. फक्त पावसाचा आवाज आला.