विषाणू भेद करत नाही म्हणे!

करोनाच्या पहिल्या लाटेत एक वाक्य फार चाललं: विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. पुरावा काय, तर रोग विमानाने आला, पासपोर्टवाल्यांनीच आणला. आणला खरा, पण मुक्कामाला कुठे राहिला? जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्के. पालिका तीच, हवा तीच, मधे फक्त कंपाउंडची भिंत.

यावर शहाणे म्हणतात, हा दाटीचा परिणाम, विषमतेचा कशाला? दाटी काय आभाळातून पडते? चाळीस मजली टॉवरमध्येही माणसं खच्चून भरलेली असतात, पण प्रत्येकाच्या दाराआड स्वतःचा संडास असतो. धारावीत सकाळी सार्वजनिक संडासापुढे रांग लावायची, आधीच्या सगळ्यांनी धरलेलीच कडी धरायची, पाणी येईल तेवढ्या वेळात हंडे भरायचे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, त्यात एकाला ताप आला तर त्याला वेगळं ठेवायचं कुठे, पोटमाळ्यावर? रोजंदारीवाल्याने खोकला लपवला की त्याला बेजबाबदार ठरवायला आपली जीभ लगेच वळते. सांगितलं असतं तर खाडा पडला असता, आणि खाड्याचे पैसे मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. झोपडपट्टीत लागण जास्त, पण त्या मानाने मृत्यू कमी. म्हणजे गरिबाची प्रतिकारशक्ती दांडगी! आकडा मान्य, निष्कर्ष अमान्य. करोनाने म्हातारे वेचले आणि झोपडपट्टीत भरणा तरुणांचा. १९१८च्या इन्फ्लुएंझाने भर उमेदीतली माणसं उचलली, तेव्हा ही दांडगी शक्ती कुठे गेली होती? मुंबईत त्या साथीत युरोपियनांमध्ये हजारी ८.३ मृत्यू झाले. तेव्हाच्या नोंदी ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणतात त्यांच्यात ६१.६. आपल्याकडे गरिबी जातीचा दाखला घेऊनच येते, ते आणखी वेगळं. शिवाय साथीचे सगळे बळी रुग्णालयाच्या कागदावर येत नाहीत. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ मालगाडीखाली चिरडलेले १६ मजूर करोनाने मेले नव्हते. काम बंद पडलं म्हणून ते रुळांवरून गावाकडे निघाले होते.

मग उपाय काय? तो धारावीतच झाला. पालिकेने शाळा, सभागृहं, क्रीडासंकुल ताब्यात घेऊन संशयितांना तिथे ठेवलं, जेवण दिलं, संडास पुन्हा पुन्हा धुऊन घेतले, दारोदार ताप मोजला. साथ आटोक्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी १० जुलैला धारावीचं नावही घेतलं. इमारतीतल्या माणसाकडे मुळात असलेल्या गोष्टी, म्हणजे मोकळी जागा, स्वच्छ संडास आणि न कमावता दोन वेळचं जेवण, या झोपडीतल्या माणसाला काही दिवस उसन्या मिळाल्या, एवढंच तर घडलं होतं!

म्हणून परवडणारी घरं, घरात संडास आणि आजारपणाची भरपगारी रजा यांना मी साथरोग-नियंत्रणच मानतो; दयाधर्मात त्यांची गणना करू नये. घरकामाच्या मावशींना ताप असताना पगार न कापता सुट्टी द्यावी, यात टॉवरमधल्या आजोबांचाही स्वार्थ आहे. मावशींची लिफ्ट वेगळी ठेवली तरी स्वयंपाकघर एकच असतं. आणि या सगळ्याला पैसा कुठून आणायचा असं विचारणाऱ्यांनी टाळेबंदीचं बिल एकदा मांडून पाहावं.