हातगाडीवरची शाळा

१९९७ साली मनिलाजवळच्या कावीते शहरात १६ वर्षांच्या एफ्रेन पेन्याफ्लोरिदाने शाळासोबत्यांना घेऊन एक गट उभा केला. टोळ्यांकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांना दुसरी वाट दाखवायची होती. पुढे ही मुले हातगाडीवर फळा आणि पुस्तके लादून दफनभूमीत, कचराडेपोवर शिकवायला जाऊ लागली. २००९ मध्ये सीएनएनने ‘हीरो ऑफ द इयर’ म्हणून त्याला गौरवले. नेतृत्वावरच्या या अंकाची सुरुवात आम्ही त्याच्यापासून करतो आहोत, कारण त्याच्या हाती पद नव्हते, अधिकारही नव्हता.

त्याच्या देशात, फिलिपिन्समध्ये, विद्यार्थीसेवेचा कायदाच आहे. लष्करी प्रशिक्षण, साक्षरतावर्ग किंवा लोककल्याणाचे काम, यांपैकी एक निवडून पदवीच्या विद्यार्थ्याला दोन सत्रे पुरी करावी लागतात. त्याआधी मुलांवर लष्करी कवायतीची सक्ती होती. तिच्यातला भ्रष्टाचार उघड करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा २००१ मध्ये खून झाला आणि संतापलेल्या तरुणांनी हा बदल घडवून आणला. एवढी किंमत मोजून आलेला कायदा नुसते तास भरण्यापुरता उरू नये, अशी आमची कळकळ आहे.

सेवा करताना समोरच्याकडे कसे पाहायचे, हाही प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञ व्हर्जिलियो एन्रिकेस यांनी फिलिपिनो मूल्यांच्या गाभ्याशी ‘कापवा’ ठेवले: समोरचा परका नाही, तो माझ्यातच सामावलेला आहे. उपकाराची जाण आणि मिळूनमिसळून राहणेही तिथे मोलाचे. मात्र उपकाराच्या याच जाणिवेचा आधार घेऊन पुढारी मते मागतात, आणि मिळूनमिसळून राहण्याच्या नावाखाली चुकीवर गप्प बसायला लावतात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सेवेत मदत घेणाऱ्याला ऋणी करून ठेवले जाते की बरोबरीने वागवले जाते, हे आम्ही या अंकात तपासले आहे.