उंब्रियाचा उंबरठा

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडत नाही. लोकरीचे कपडे किती घ्यावेत, लोणच्याची बरणी कशी बांधावी आणि पासपोर्ट कोणत्या खिशात ठेवावा, हे ज्यांनी आयुष्यात खंडाळ्याचा घाट ओलांडलेला नाही तेदेखील छातीठोकपणे सांगतात. पण परक्या माणसाच्या दारात उभे राहिल्यावर तोंडातून पहिला शब्द कोणता काढावा, हे मात्र कुणी सांगत नाही. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात मी एकदा तीन आठवडे राहून आलो. त्या शिदोरीवर यंदाचे दिवाळीचे सदर ह्या पहिल्या शब्दासाठी आणि त्याच्या मागून येणाऱ्या चार रीतींसाठी खर्च करावे म्हणतो.

उंब्रिया इटलीच्या अगदी पोटात आहे. त्या देशाच्या वीस प्रांतांपैकी ज्याला समुद्रही लागत नाही आणि परक्या देशाची सीमाही लागत नाही, असा हा एकटाच. थोडक्यात, मंडळी पक्की घाटावरची! डोंगरमाथ्यावर दगडी गावे, उतारावर ऑलिव्हची झाडे, मधल्या खोऱ्यातून टायबर नदी. पेरुज्या ही राजधानी. बाहेरची माणसे शतकानुशतके येत राहिली, तरी गावाने आपली शिस्त सोडलेली नाही.

त्या शिस्तीतला पहिला शब्द ‘बोंजोर्नो’. दुपार कलल्यावर त्याचा ‘बोनासेरा’ होतो. दुकानात पाऊल टाकताच तो उच्चारायचा आणि मगच बटाट्याचा भाव विचारायचा. आपण दुकानात शिरतो ते थेट ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणत. तिथे असे केले तर साखर मिळेल, पण दुकानदाराच्या भुवया खाली यायला वेळ लागेल. ‘चाओ’ हा शब्द आपल्याकडच्या सुशिक्षितांना फार प्रिय; पण तो मित्रांचा आणि मुलाबाळांचा. अनोळखी म्हातारीला ‘चाओ’ म्हणणे म्हणजे जोशीकाकूंना ‘काय गं’ म्हणून हाक मारणे.

दुसरा शब्द ह्याहून मोलाचा. घरच्या बाईने दार सताड उघडून हसतमुखाने ‘या, या’ म्हटले, तरी पाहुणा उंबऱ्यापाशी क्षणभर थांबतो आणि विचारतो, ‘पेर्मेस्सो?’ म्हणजे, येऊ का? आतून ‘अवांती’ असे उत्तर आले की मग पाऊल आत. बोलावणे आले म्हणून घर आपले झाले नाही, ही जाण त्या एका शब्दात आहे. निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. तेही ‘आरिवेदेर्ची’ म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. निरोपाच्या वेळी तुटल्याचा शब्द नको, हे दोन्हीकडे सारखेच.

सर्वनामांचे प्रकरण माझ्या धंद्यातले आहे, म्हणून त्यावर घडीभर रेंगाळतो. इटालियनमध्ये आदराने बोलायचे ते ‘लेई’ म्हणून. आणि ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’! समोर भरघोस मिशांचा पोलीस असला तरी व्याकरणात तो ‘ती’च. पण हसू नये. ‘साहेबांनी बसावं’ म्हणताना आपणही समोरच्या माणसाला तृतीयपुरुषी खुर्चीवर नेऊन बसवतोच की! वडीलधाऱ्याने आपण होऊन ‘आता तू म्हणू या’ असे सुचवीपर्यंत ‘लेई’ सोडू नये. शिवाय तिथे पदवीधराला सर्रास ‘दोत्तोरे’ म्हणतात. एम. ए.वर वीस वर्षे काढूनही विद्यापीठाने मला जी उपाधी दिली नाही, ती पेरुज्यातल्या एका औषधवाल्याने खोकल्याच्या गोळ्यांबरोबर फुकट दिली.

आता पान वाढतो. पहिला घास तोंडात जाताच तुमच्या लक्षात येईल की पाव अळणी आहे. ‘मीठ विसरलात वाटतं?’ असे विचारू नये. १५४० साली पोप तिसरे पॉल ह्यांनी मिठावरचा कर वाढवला. पेरुज्या उठले आणि हरले. पोपने तिथल्या बालिओनी घराण्याची घरे पाडून त्यांवर ‘रोक्का पाओलिना’ हा किल्ला उभारला. आज त्याच्या पोटातून सरकते जिने जातात आणि गाडल्या गेलेल्या गल्ल्या डोळ्यांनी दिसतात. तेव्हापासून पेरुज्याने पावात मीठ घातले नाही, असे घरोघर सांगतात. अळणी पाव त्याआधीही होता आणि खारवलेल्या मांसाबरोबर, चीजबरोबर तोच बरा लागतो, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण जेवायला बसलेल्याने हा वाद उकरू नये. पोळीच्या तुकड्यावर एखादे गाव आपला पराभव पावणेपाचशे वर्षे जपत असेल, तर त्यावर वरून मीठ मागणारे आपण कोण?

शाकाहारी मंडळींनी आपला नेम आधीच कळवावा. डुकराचे मांस खारवण्याच्या कामात त्या प्रांतातले नोर्चा गाव इतके नावाजलेले, की साऱ्या इटलीत असे मांस विकणाऱ्या दुकानाला त्या गावावरूनच ‘नोर्चिनेरिया’ म्हणतात. आपण ‘तोर्ता आल तेस्तो’ मागावी: तापलेल्या जाड तव्यावर भाजलेली जाडसर भाकरीच ती, आणि आत पालेभाजी. दूध घातलेला कापुचीनो सकाळचा. जेवणानंतर तो मागितला तर कुणी नाही म्हणत नाही, पण वरणभातावर श्रीखंड मागणाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात. दुपारी एकनंतर लहान गावातली दुकाने तीन-चार तास बंद असतात. पुणेकर वाचकांना ह्याचे अधिक सांगायला नको.

असिसीला संत फ्रान्सिसची समाधी आहे. तिथे खांदे आणि गुडघे झाकून जावे, छायाचित्रे काढू नयेत, बोलू नये. आवाज चढला की आतून शांततेची ताकीद येते. लॅटिनचा दरारा असताना ह्या साधूने १२२५च्या सुमारास आपले सृष्टिस्तोत्र उंब्रियाच्या लोकभाषेत रचले आणि सूर्याला भाऊ म्हटले. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याला तिथे गप्प बसण्यासाठी ताकीद लागत नाही.

गुब्बियो गावात दर १५ मेला ‘चेरी’ची धाव असते. चेरी म्हणजे फळ नव्हे. लाकडाचे तीन उंच, तीनशे किलोंच्या आसपासचे मनोरे, प्रत्येकाच्या माथ्यावर एक संत. ते खांद्यावर घेऊन माणसे गल्ल्यांतून धावत डोंगर चढतात. तिथे कोण जिंकले, हा प्रश्न परक्याने कधी विचारू नये. क्रम ठरलेला आहे: आधी सान उबाल्दो, मग सान जोर्जो, शेवटी सांत अंतोनियो. ओलांडून पुढे जायचेच नाही. भूषण आहे ते मनोरा न पाडण्यात आणि अंतर न पडू देण्यात. माउलींच्या पालखीपुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रमांक ज्याला ठाऊक आहेत, त्याला हे चटकन कळते. त्याच गावात एका कारंज्याभोवती, गावातल्या माणसाच्या साक्षीने, तीन फेऱ्या मारून अंगावर पाणी घेतले की वेडेपणाचा रीतसर दाखला मिळतो. तो मान समजावा.

राहिली भेटवस्तू. जेवायला बोलावले तर मिठाईचा पुडा न्यावा किंवा फुले न्यावीत; मात्र शेवंती नको. आपल्या दसऱ्या-दिवाळीला देवापुढे ढिगाने पडणारे हे फूल तिथे मृतांचे आहे. २ नोव्हेंबर हा त्यांचा पितरांचा दिवस. त्या सुमारास दुकानांत ‘मृतांच्या शेंगा’ अशा नावाची बदामाची बिस्किटे येतात आणि माणसे शेवंती घेऊन कबरस्तानाची वाट धरतात. तेव्हा ते फूल कुणाच्या जेवणाच्या टेबलावर ठेवू नये.

त्याच टायबरच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे छोटेसे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, त्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. माणगावकडचा हा मुलगा बावीस वर्षांचा. तुकडीतले बाकीचे सगळे मेले होते किंवा जखमी होते. हा एकटा शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला, ठाणे मोकळे केले आणि दबा धरलेल्यांच्या गोळ्यांनी कोसळला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्या देशाची कोणतीही रीत शिकायला त्याला सवड नव्हती, आणि ‘पेर्मेस्सो’ म्हणायला समोर कुणाचे दार नव्हते. तरीही जुलै २०२३ मध्ये मोंतोनेकरांनी त्याच्या नावाचे सूर्यघड्याळ गावात उभे केले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे ब्रीद त्याच्यावर आहे.

वाचकांपैकी कुणी उंब्रियाला गेलेच, तर मोंतोने चुकवू नये. गावात शिरताना भेटेल त्याला ‘बोंजोर्नो’ म्हणावे, घाडग्यांचे घड्याळ कुठे आहे ते विचारावे. आणि तिथे जाताना शेवंती न्यावी. तिथे ती चालते.