'कोझी' कुणाला?

भाषांतराच्या तासाला एक तक्रार आम्ही नेमाने ऐकत आलो आहोत. राहत्या जागेच्या लहानपणाला मराठीत म्हणे छटाच नाहीत. इंग्रजीत 'कोझी' आहे, 'स्नग' आहे, 'पोकी' आहे, 'क्रॅम्प्ड' आहे. आपल्याकडे 'लहान' आणि 'कोंदट' यांवर कारभार आटोपतो. विद्यार्थ्यांनी असे म्हटले तर समजून घेता येते. पण शिक्षकच जेव्हा त्यावरून मराठीच्या दारिद्र्याचा सिद्धान्त मांडू लागतात, तेव्हा प्रतिवाद करणे भाग पडते.

मुळात हे शब्द कुणाचे आहेत, हा प्रश्न कुणी विचारत नाही. 'रूकरी' म्हणजे कावळ्याच्या जातीतल्या पक्ष्यांची वसाहत. 'वॉरन' म्हणजे सशांची बिळे. 'हच' सशाचा पिंजरा, 'डेन' श्वापदाची गुहा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या सेंट जाइल्सला 'रूकरी' म्हणणारा माणूस त्या वस्तीत राहत नव्हता, हे सांगायला पुरावा नको. 'स्लम'ची कथा याहून बोलकी आहे. जेम्स हार्डी व्हॉ या शिक्षा भोगणाऱ्या कैद्याने १८१२ मध्ये चोरबोलीचा जो कोश तयार केला, त्यात या शब्दाचा अर्थ नुसता 'खोली' असा आहे. पुढे दयाळू मंडळींनी तो उचलला आणि राहणाऱ्याचा शब्द पाहणाऱ्याचा झाला. दुसऱ्या टोकाला 'कोझी' आणि घरविक्रीच्या जाहिरातीतला फ्रेंच दागिना 'बीझू'. जवळ दुसरी खोली असलेल्यालाच पहिली खोली 'कोझी' वाटते, अशी आमची समजूत आहे. (मराठीतही 'खुराडे' आहे, 'कोंडवाडा' आहे. आम्ही सोवळे असल्याचा दावा करीत नाही.)

इंग्लंडच्या कायद्याला मात्र विशेषणांवर भागवता आले नाही. त्यांचा १९८५ चा गृहनिर्माण कायदा दाटी मोजताना खोलीचे चौरस फूट मोजतो. ११० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या खोलीत दोन माणसे, ५० हून लहान खोलीत कुणीच नाही. एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे माणूस, वर्षाच्या आतले तर हिशेबातच नाही. मुंबईच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली या कोष्टकात घालून पाहावी. उत्तर दोन माणसे असे येते. तिथे खरोखर किती माणसे झोपत आली आहेत, हे आमच्या वाचकांपैकी काहींना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल.

आता मराठीकडे. आमचे म्हणणे असे की मराठीने जागेची अडचण विशेषणात साठवली नाही. ती वस्तूंत, क्रियापदांत आणि व्यवस्थांत साठवली. पोटमाळा, मोरी, कोनाडा, खुंटी, कपड्यांची दांडी, पथारी, वळकटी, लुगड्याचा आडोसा. 'थोरल्याची पथारी गॅलरीत असते' एवढे म्हटले की खोलीचे माप, घरातली नाती आणि नव्या सुनेची कुचंबणा, सारे कळते. आणि खुद्द 'अडचण' हाच शब्द पाहा. जागा नसणे आणि संकट असणे या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो, आणि तो वापरताना कुणाला ते जाणवतही नाही. ज्या भाषेत असा शब्द आहे तिला 'पोकी'साठी कोशापुढे हात पसरण्याची गरज काय?

एवढेच नव्हे, राहणाऱ्याने घडवलेली इंग्रजीही आपल्याकडे आहे. 'कॉट बेसिस' हा शब्दप्रयोग पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कळतो: भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे. 'वन रूम किचन', 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे संडास घरातच असलेला, हेही तसेच. हे शब्द आमच्या अभ्यासक्रमात कुठे येत नाहीत. कारण ते 'शुद्ध' इंग्रजीही नव्हेत आणि मराठीही नव्हेत, असे आमचे सहकारी सांगतात.

यावर इंग्रजीच्या प्राध्यापकांचा आक्षेप असा की आम्ही जाहिरातीची भाषा पुढे करून त्यांच्या साहित्यावर अन्याय करतो. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने आमचीच बाजू बळकट होते. ऑर्वेलचे 'द रोड टू विगन पिअर' (१९३७) उघडावे. खाणकामगारांच्या घरांचे वर्णन करताना तो आपल्या वहीतल्या नोंदीच छापतो: खोल्या किती, माणसे किती, खाटा किती, भाडे किती. तिथे त्याला विशेषणांची श्रीमंती फारशी लागली नाही. आमच्या वर्गात मात्र ऑर्वेलकडूनही विशेषणेच वेचून घेतात.

मागल्या सत्रात एका परीक्षेत 'अ कोझी लिटल रूम' एवढा तुकडा भाषांतराला होता. सहा जणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर 'एकट्याची खोली' असे केले. आदर्श उत्तरपत्रिकेत 'उबदार, छोटेखानी' असे होते, म्हणून त्याचा गुण कापला गेला. पेपर आम्हीच तपासला होता. तो गुण परत द्यावा म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा असे भाषांतर कोणत्या कोशात सापडते, अशी लेखी विचारणा आमच्याकडे आली. तिचे उत्तर अजून लिहितो आहोत.