देशोदेशीची चव : नारळाच्या दुधातील केळी

उपवास म्हटला की तीच ती साबूदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ! घरची मंडळी कंटाळली असतील, तर या वेळी फिलिपाइन्सचा एक गोड पदार्थ करून पाहा. केळी, नारळ, साबूदाणा, रताळे, सगळे जिन्नस आपल्या उपवासाला चालणारेच. नाव आहे ‘गिनातांग सागिंग’. तिकडच्या तागालोग भाषेत ‘गाता’ म्हणजे नारळाचे दूध आणि ‘सागिंग’ म्हणजे केळे.

एरवी तेथे हा पदार्थ दुपारच्या खाण्याला करतात. पण मध्य फिलिपाइन्समधील विसाया बेटांवर यात रताळे, अळकुड्या, जांभळे कोनफळ घालून ‘बिनिग्नित’ करतात आणि तो खास गुड फ्रायडेला होतो. त्या दिवशी तेथील कॅथलिक कुटुंबे मांस वर्ज्य करतात. म्हणजे त्यांच्याकडेही हे उपवासाचेच खाणे!

साहित्य : ३ पिकलेली पण घट्ट राजेळी केळी, १ मोठा नारळ, १ मध्यम रताळे, पाव वाटी भिजवलेला साबूदाणा, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ.

कृती : नारळ खवून अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटा व घट्ट दूध पिळून बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात अडीच वाट्या पाणी घालून पातळ दूध काढा. पातळ दूध उकळून त्यात रताळ्याच्या फोडी शिजवा. त्या मऊ झाल्यावरच साखर घाला. आधी घातल्यास फोडी कडक राहतात. मग साबूदाणा, केळ्याचे जाड काप व मीठ घालून हलक्या हाताने ढवळत राहा. साबूदाणा पारदर्शक झाला की आच मंद करून घट्ट दूध ओता. वाफ येऊ लागताच उतरवा.

लक्षात ठेवा :

● घट्ट दूध उकळू देऊ नका. उकळल्यास ते फुटते व वर तेल तरंगते.

● फिलिपाइन्समध्ये ‘साबा’ जातीची जाड, पिठूळ केळी वापरतात. आपली राजेळी त्यांच्या जवळची. वेलची केळी शिजवल्यास लगदा होतो.

● गार झाल्यावर साबूदाण्यामुळे हे घट्ट होते. वाढताना थोडे पातळ दूध मिसळा.

गरम द्या किंवा थंड, दोन्ही प्रकारे छान लागते. चार जणांना पुरेल.